मुक्कामी पाहुणे आणि किरकोळ जिनसांची गळती

शेतीस जोडधंदा असावा, हे आता कोणाही शेतकऱ्यास पटवून द्यावे लागत नाही. दूधदुभते, कोंबड्या, रोपवाटिका यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एक धंदा आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात मूळ धरू लागला आहे. तो म्हणजे शहरातील माणसांस मोबदला घेऊन आपल्या शेतावर दोन-चार दिवस ठेवून घेण्याचा. अकोले तालुक्यात १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद या गावांतून मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत काजवे पाहण्यास हजारो माणसे येतात व गावकऱ्यांच्या घरी किंवा तंबूत उतरतात. शिर्डीच्या वाटेवर यात्रेकरू उतरतात. हिवरे बाजार व राळेगणसिद्धी येथे जलसंधारणाचे काम पाहण्यासाठी अभ्यासू मंडळी येतात. पौष-माघात ज्वारी हुरड्यास आली की पुण्या-मुंबईची कुटुंबे आगटीभोवती बसावयास येतात. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आणि निदान १ एकर शेती असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी करण्याची सोय झाली. तेव्हापासून या धंद्यास प्रतिष्ठाही आली आहे.

या धंद्याच्या भांडवलाविषयी, जाहिरातीविषयी व स्वयंपाकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या एका बाबीमुळे घरोघर कुरबूर होते, तिच्याविषयी कोणी उघडपणे लिहीत नाही. पाहुणे निघून गेल्यावर खोली आवरताना एखादा टॉवेल, चमचा, दिव्याची कळ किंवा तांब्या जागेवर सापडत नाही. नुकसान लहान असते, म्हणून बोलण्याची लाज वाटते. आणि बोलले नाही तर मनात सल राहतो. या विषयाचा नीट विचार करून वाचकबंधूंपुढे व भगिनींपुढे चार गोष्टी मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात नोंदवह्या लिहिण्यात गेली, आणि आता शेतातील दोन खोल्या पाहुण्यांस देतो. दोन्हींकडील अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते.

१. हा रोग केवळ आपला नव्हे

प्रथम मनातील एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ‘आपण खेडवळ म्हणून आपल्याला फसवतात’ असे अनेकांस वाटते. तसे नाही. पश्चिम रेल्वेने आपल्या वातानुकूलित डब्यांतून २०१७-१८ या वर्षात नाहीशा झालेल्या जिनसांचे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे १ लाख ९५ हजार टॉवेल, ८१,७३६ चादरी, ५५,५७३ उश्यांचे अभ्रे आणि ७,०४३ ब्लँकेटे होती. मे २०१७ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर तेजस एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा पहिल्याच फेरीनंतर आसनांजवळ ठेवलेले कानात घालण्याचे कित्येक संच गायब झालेले आढळले. या गाड्यांतून प्रवास करणारा उतारू गरीब म्हणता येणार नाही.

परदेशांतही हेच आहे. अमेरिकेतील हॉलिडे इन या प्रसिद्ध निवासगृह-संस्थेने ऑगस्ट २००३ मध्ये ‘टॉवेल-माफीचा दिवस’ जाहीर केला. ज्यांनी पूर्वी टॉवेल नेले असतील त्यांना माफी. त्यांनी फक्त आपली हकीकत लिहून कळवावी, अशी ती योजना होती. लोकांनी हौसेने हकीकती पाठविल्या. म्हणजे ज्याने टॉवेल नेला त्याच्या दृष्टीने ती चोरी नव्हतीच. ती प्रवासातील एक गंमत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण रोगाचे निदान बरोबर झाले तरच औषध लागू पडते.

२. जिन्नस का जातो

आमच्या पाहण्याप्रमाणे जिनसा जाण्याची कारणे चार आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण अनवधान. पहाटे काजवे पाहून परतलेली माणसे, झोपेने पेंगुळलेली मुले, गाडी सुटण्याची घाई; अशा वेळी ओल्या कपड्यांबरोबर टॉवेलही पिशवीत जातो. मुलांच्या खेळण्यांत आपला चमचा जातो. भ्रमणध्वनी भारित करण्याची तार तर सर्वांची सारखीच दिसते. येथे दोष कोणाचाच नाही.

दुसरे कारण समजुतीतील घोटाळा. मोठ्या निवासगृहांत साबणाची वडी, केसांचा फणा, चहाच्या पुड्या पाहुण्याने न्याव्यात अशी वहिवाट असते. तीच सवय घेऊन मनुष्य आपल्याकडे येतो. आपण खोलीत मधाची बाटली ठेवली, तर ती पाहुण्यास दिलेली भेट आहे, विक्रीस ठेवलेली आहे, की नाश्त्यापुरती वापरावयाची आहे, हे त्याने कसे ओळखावे? शेतात तर हा घोटाळा अधिकच. ‘शेत पाहा, हवे ते खा’ असे आपण तोंडभरून म्हणतो; मग पाहुण्याने निघताना पिशवीभर पेरू तोडले तर त्याला वाटते आपण यजमानाचा शब्दच पाळला.

तिसरे कारण आठवणीची हौस. जुना पितळी दिवा, लाकडी पायली, दगडी खल, बैलाच्या गळ्यातील घुंगरू अशा वस्तूंचा शहरी माणसास मोह पडतो. बाजारात त्यांची किंमत किती याची त्याला कल्पना नसते, आणि आपल्या घरात त्यांचे मोल किती याची तर मुळीच नसते.

चौथे कारण खरी चोरी. ती घडते, पण पहिल्या तीन कारणांच्या मानाने फारच थोडी, असे आमचे मत आहे. मात्र आपण पहिल्या क्षणी सर्वच प्रकारांस चौथ्या कोठ्यात घालतो, आणि तेथेच चूक होते.

३. किंमत आणि मोल

जिनसांचे दोन भाग करावेत. ज्यांची किंमत आहे, पण मोल नाही, असा एक. उदाहरणार्थ टॉवेल, पेले, चादर, तारा, विजेचे दिवे. या गेल्या तर बाजारातून पुन्हा आणता येतात. दुसरा भाग असा की, ज्यांची बाजारात फारशी किंमत नाही, पण मोल मोठे आहे. वडिलांची चष्म्याची डबी, आजीचा अडकित्ता, आणि शेतकऱ्याच्या घरी विशेष करून बियाणे.

बियाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो संग्रह जतन केला, त्याबद्दल त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२० साली. त्यानंतर शहरातील माणसांत गावरान बियाण्यांविषयी कुतूहल वाढले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आढ्याला टांगलेला बियांचा भोपळा, राखेत घोळून मडक्यात ठेवलेल्या वालाच्या बिया, खुंटीवरची मक्याची कणसे ही शोभेची वस्तू आहे असे समजून कोणी मूठभर काढून नेली, तर त्याच्या गच्चीवरील कुंडीत ती उगवेल की नाही कोण जाणे, पण आपल्या पुढील हंगामाचा एक वाण मात्र तुटू शकतो. मूठभर बियांची किंमत दहा-वीस रुपये. मोल मात्र एका पेऱ्याचे.

यावरून पहिला नियम निघतो : मोलाची वस्तू पाहुण्याच्या खोलीत ठेवूच नये. शोभेसाठी जुनी भांडी मांडावयाची असल्यास ती बाजारातून आणलेली असावीत, देवघरातली किंवा वडिलोपार्जित नसावीत. बियाणे कोठीत, कुलपात. आणि पाहुण्यास दाखवावयाचे तर यजमानाने स्वतः उभे राहून दाखवावे. कोणास बी हवेच असेल तर लहान पुड्या बांधून, वाणाचे नाव व पेरणीची वेळ लिहून, माफक किमतीस विकाव्यात. मागितले असता मिळते असे कळले की न मागता घेण्याची बुद्धी सहसा होत नाही.

४. आमच्या हातून घडलेली चूक

हा नियम आम्हांस पुस्तकातून कळलेला नाही. आमच्या खोलीतील कोनाड्यात आमच्या आजीचा पितळी अडकित्ता शोभेसाठी ठेवलेला होता. एके दिवशी पाहुणे गेल्यावर तो दिसेना. खोली झाडण्यास येणाऱ्या बाई आमच्याच वस्तीवरच्या. सात वर्षे त्या आमच्याकडे कामास होत्या आणि खोलीची किल्ली त्यांच्याच कनवटीस असे. आम्ही पाहुण्यांस विचारण्याचा संकोच केला. ते शिकलेले, मोटारीतून आलेले, जाताना मुलाच्या हातून नमस्कार करविणारे. त्यांना कसे विचारावे? आणि ज्यांना विचारण्याचा संकोच वाटला नाही, त्यांना विचारले. “बाई, अडकित्ता कोठे दिसला का?” एवढेच आमचे शब्द होते, पण विचारण्याच्या सुरातले त्यांना जे कळावयाचे ते कळले. त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी त्या पाहुण्यांचा दूरध्वनी आला. मुलाने अडकित्ता ‘पोपट’ समजून आपल्या खेळण्यांच्या पिशवीत घातला होता. घर आवरताना तो सापडला. त्यांनी पुन्हा पुन्हा क्षमा मागितली आणि अडकित्ता टपालाने परत पाठविला. त्यांचे काम झाले. आमचे मात्र राहिले होते. आम्ही सपत्नीक त्या बाईंच्या घरी गेलो व झालेली चूक त्यांच्या मुलांदेखत कबूल केली. त्या पुन्हा कामास आल्या, परंतु किल्ली त्यांनी परत घेतली नाही. आजही खोली आम्हीच उघडून द्यावी लागते.

ही हकीकत सांगण्याचा हेतू असा की, पाहुण्याने नेलेल्या जिनसेचा भुर्दंड पुष्कळदा पाहुण्यास नव्हे, यजमानासही नव्हे, तर घरात काम करणाऱ्या गरिबास पडतो. खोलीत काय होते आणि काय राहिले याची लेखी नोंद नसली, म्हणजे संशय उताराकडे वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे सर्वांत खालच्या माणसाकडे जातो. त्या दिवशी आमच्याकडे जर एक साधी यादी असती, आणि पाहुणे निघण्यापूर्वी ती आम्ही स्वतः ताडून पाहिली असती, तर सात वर्षांचा विश्वास गेला नसता.

५. पाहुणा येण्यापूर्वीची तयारी

(अ) जडवस्तूंची नोंदवही. सरकारी कचेरीत खुर्ची-टेबलापासून टाचणीच्या डबीपर्यंत सर्व वस्तूंची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. लोक तिची थट्टा करतात. पण कारकून बदलला तरी खुर्ची जागेवर राहते ती या वहीमुळेच. प्रत्येक खोलीस एक पान द्यावे. त्यावर अनुक्रमांक, जिनसेचे नाव, नग, खरेदीची तारीख, किंमत आणि शेरा असे सहा रकाने आखावेत. खरेदीची पावती त्याच पानास चिकटवावी. दर तीन महिन्यांनी मोजदाद करून खाली सही करावी.

(आ) खोलीतील यादी. याच पानाची स्वच्छ नक्कल दाराच्या मागे लावावी. ‘चोरी करू नये’ असा फलक कदापि लावू नये. त्याने भल्या माणसाचा अपमान होतो आणि दुसऱ्यावर परिणाम होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘या खोलीत आपल्या सोयीसाठी पुढील वस्तू ठेवल्या आहेत. काही कमी असल्यास कृपया कळवावे.’ यादी पाहताच पाहुण्यास दोन गोष्टी कळतात : काय काय मिळाले आहे, आणि यजमानास ते ठाऊक आहे.

(इ) भेट कोणती, विक्रीस काय, वापरास काय. हे स्पष्ट लिहावे. साबण व दंतमंजनाची पुडी ही भेट. मध, गूळ, हातसडीचा तांदूळ, हुरड्याची चटणी ही विक्रीस. त्यावर किमतीची चिठ्ठी हवी. टॉवेल, चादर, भांडी ही वापरास. शेतातील फळांविषयी तोंडीच पण आरंभी सांगावे : ‘शेतात बसून खाण्यास मोकळीक आहे, बरोबर नेण्यासाठी आम्ही तोडून, तोलून देऊ.’ एवढ्या एका वाक्याने पेरूच्या बागेतील निम्मे तंटे मिटतात.

(ई) खूण. टॉवेल-चादरींच्या कोपऱ्यास रंगीत दोऱ्याने आपल्या शेताचे नाव किंवा खोलीचा क्रमांक विणून घ्यावा. भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपल्याकडील चाल तर फार जुनी आहे. लग्नात मिळालेल्या ताटावाट्यांवर ती प्रत्येकाने पाहिली आहे. मोठ्या निवासगृहांत हल्ली टॉवेलांच्या शिवणीत रेडिओ-लहरींनी ओळखता येणारी चकती घालतात. आपणांस त्या खर्चाची जरुरी नाही. लाल दोरा पुरे. खूण असलेला टॉवेल चुकून पिशवीत गेला तरी घरी उघडल्यावर कोणाचा ते कळते, आणि परत येण्याची वाट मोकळी राहते.

(उ) जास्तीचे नग. खोलीत आवश्यक तेवढेच नग ठेवावेत. दोन माणसांस दोन टॉवेल. अधिक लागल्यास मागून घ्यावेत. कपाटात दहा चादरींची चवड पाहून मोजदादीचे भान यजमानासही राहत नाही, मग पाहुण्यास कसे राहणार?

(ऊ) ओळख व अनामत. पाहुण्यांचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक नोंदवहीत घ्यावा आणि ओळखपत्र पाहावे. ओळखपत्राची नक्कल घेतल्यास ती कुलपात ठेवावी; आधार क्रमांकाचे पहिले आकडे झाकलेली प्रत पुरते. परदेशी पाहुणा असल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात पाठवावी लागते, याचा विसर पडू नये. अनामत रक्कम घ्यावयाची असेल तर ती जागा ठरवितानाच सांगावी, पावती द्यावी आणि जाताना हातोहात परत करावी. आयत्या वेळी मागितलेली अनामत म्हणजे अविश्वासाचे आमंत्रण होय.

६. निरोपाची वेळ

सर्वांत उपयुक्त उपाय बिनखर्चाचा आहे. पाहुणे निघण्याच्या अर्धा तास अगोदर त्यांना अंगणात चहास बोलवावे. ते चहा घेत असता घरातील एकाने खोलीत जाऊन यादीप्रमाणे वस्तू पाहाव्यात. दोन खोल्यांस दहा मिनिटे पुरतात. यात आडपडदा ठेवू नये. ‘तुमचे काही विसरून राहिले आहे का ते पाहून येतो’ असे सांगावे, आणि ते खरेही असते. पाहुण्यांचा चष्मा, औषधाची डबी, मुलाचा बूट अशा कितीतरी वस्तू या वेळी सापडतात. त्यांची वस्तू त्यांना आणून दिली म्हणजे आपली वस्तू विचारणे सोपे जाते.

एखादी वस्तू कमी दिसली तर सर्वांदेखत विचारू नये. कुटुंबातील वडील माणसास बाजूस घेऊन, वस्तूचे नाव घेऊन, माणसाचे नाव न घेता बोलावे : ‘साहेब, एक निळा टॉवेल मोजणीत येत नाही. सामानाच्या घाईत चुकून आत गेला असेल, पाहता का?’ ‘चुकून’ हा शब्द अवश्य वापरावा. ज्याने चुकून नेले त्याच्या बाबतीत तो सत्य आहे. ज्याने मुद्दाम नेले त्यास तो परत देण्याचा दरवाजा आहे. दरवाजा दाखविला की बहुतेक माणसे त्यातून बाहेर येतात. भिंत दाखविली की भांडतात.

पाहुणे निघून गेल्यावर कळले, तर त्याच दिवशी संदेश पाठवावा. नमुना येणेप्रमाणे : ‘आपण सुखरूप पोचला असाल. आपला सहवास आनंदाचा झाला. खोली आवरताना तांब्याचा एक लोटा आढळला नाही. आपल्या सामानात चुकून आला असल्यास टपालाने पाठवावा; टपालखर्च आम्ही देऊ.’ उत्तर आले नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण द्यावी. तिसऱ्यांदा लिहू नये. संकेतस्थळामार्फत पाहुणे आले असतील तर भरपाई मागण्याची मुदत त्या संस्थेच्या अटींत दिलेली असते व ती थोड्याच दिवसांची असते. म्हणून त्या अटी आधीच वाचून ठेवाव्यात, आणि पावती व खोलीचे पूर्वीचे छायाचित्र सोबत जोडावे. हे छायाचित्र पाहुणा येण्याच्या दिवशी सकाळी घेण्याची सवय ठेवावी.

७. कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविणे म्हणजे चोरी. ‘अप्रामाणिक हेतू’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चुकून पिशवीत गेलेला टॉवेल चोरी ठरत नाही. साध्या चोरीस ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी असून गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. असा गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत.

परंतु माणसांच्या राहण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून किंवा तंबूतून चोरी झाल्यास कलम ३०५ लागू होऊ शकते. त्याची शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. नोकराने धन्याच्या वस्तूची चोरी केल्यास कलम ३०६ प्रमाणे तितकीच. उलट, समंजस मनुष्य ज्याविषयी तक्रार करणार नाही अशा अगदी क्षुल्लक हानीस कलम ३३ गुन्हाच मानीत नाही. बांधावरची एक मिरची तोडली म्हणून कोणी कचेरीत जाऊ नये, हे यावरून उघड आहे. आणि ज्या शब्दामागे सात वर्षांची कैद उभी आहे, तो ‘चोर’ हा शब्द पाहुण्यास अथवा गड्यास उद्देशून सहज उच्चारू नये, हेही.

यजमानाने काय करू नये ते त्याहून महत्त्वाचे. पाहुण्याच्या पिशव्या त्याच्या संमतीवाचून उघडण्याचा अधिकार आपणांस नाही. अंगझडती तर कधीच नाही. फाटकास कुलूप लावून पाहुण्यांस अडवून ठेवले, तर कलम १२६ व १२७ प्रमाणे अन्यायाने अटकाव व कोंडून ठेवण्याचा गुन्हा आपल्यावरच येतो. कोंडून ठेवण्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टॉवेल त्यांचा आणि कैद आपली, असा हा व्यवहार होईल. अंगणात व फाटकावर कॅमेरा लावल्यास तसा फलक लावावा. खोलीत किंवा न्हाणीघरात तो कदापि नसावा, कारण तेथील चित्रण हा स्वतःच गंभीर अपराध आहे.

चित्रफीत काढून ती पसरविण्याचा मोहही आवरावा. जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातील बाली बेटावर एका भारतीय कुटुंबाच्या सामानातून निवासगृहाच्या वस्तू बाहेर काढतानाची चित्रफीत जगभर फिरली. त्या कुटुंबाने पैसे भरण्याची तयारी दाखविली होती. तरी चेहरे घरोघर पोचले, आणि सबंध देशाच्या नावे बोल लागला. चूक मोठी असेलही. पण एका टॉवेलासाठी एखाद्या घरातील मुलांना जन्मभर मान खाली घालावयास लावणे, ही शिक्षा कोणत्याही कायद्याने सांगितलेली नाही.

मौल्यवान वस्तू खरोखरच गेली असेल, तर मात्र भिडेस पडू नये. नोंदवहीचे पान, पावती, छायाचित्र व पाहुण्यांची नोंद घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात घडलेले तेवढेच लिहावे. संशयिताचे नाव पुराव्यावाचून घालू नये.

८. हिशेबात कसे धरावे

कितीही काळजी घेतली तरी थोडी गळती राहणारच. धान्याच्या कोठीत उंदरांचा वाटा धरावा लागतो, तसे हे आहे. समजा, दोन खोल्यांस वर्षात प्रत्येकी ६० रात्री पाहुणे आले. एकूण १२० रात्री झाल्या. वर्षात ३,००० रुपयांच्या जिनसा गेल्या किंवा फुटल्या, तर एका रात्रीस २५ रुपये पडतात. हे २५ रुपये भाड्यातच धरून ठेवावेत आणि ‘घट-तूट’ या नावाने वेगळे खाते काढावे. ज्या वर्षी तूट कमी येईल त्या वर्षी उरलेल्या रकमेतून काम करणाऱ्यांस दिवाळीची ओवाळणी द्यावी. म्हणजे वस्तू सांभाळण्यात त्यांचाही लाभ राहील. मात्र तूट आली म्हणून त्यांच्या मजुरीतून पैसे कापणे सर्वस्वी गैर होय.

असा हिशेब ठेवला की मनाचा सल जातो. गेलेला टॉवेल हा अपमान न राहता खर्चाची एक बाब होते. तूट दर हंगामात वाढत असेल तर व्यवस्थेत दोष आहे असे समजावे आणि यादी पुन्हा तपासावी.

९. दारे नसलेल्या गावाचा धडा

आपल्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांस दारे व कुलपे न लावण्याच्या तेथील प्रथेमुळे त्या गावाचे नाव सर्वदूर झाले. २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा गावाच्या श्रद्धेस मान देऊन कुलपाची रीत बाजूस ठेवली. पण रोकड सुरक्षित राहील अशी तजवीज केली आणि हिशेब लिहिणे तर सोडले नाहीच. पुढे २०१५ मध्ये गावास पोलीस ठाणेही झाले. श्रद्धा आणि सावधगिरी एका गावात नांदू शकतात, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या धंद्याचेही तसेच आहे. पाहुणा आपल्या दारी येतो तो केवळ खाटेसाठी नव्हे. शहरात त्याला न मिळणारी मोकळीक व आपुलकी त्याला हवी असते. प्रत्येक वस्तूस साखळी बांधली तर ती आपुलकी मरते, आणि काहीच न मोजता बसलो तर आपले घर मनातल्या मनात कुढते. म्हणून दार मोकळे ठेवावे, वही मात्र बंद ठेवू नये. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाने निदान एवढे तरी करावे : आपल्या खोलीतील वस्तूंची यादी करावी, मोलाच्या वस्तू व बियाणे घरात आणावे, आणि खोली झाडणाऱ्या माणसास ती यादी वाचून दाखवून, तिच्यावर प्रथम आपली सही करावी. खोलीत काय होते याची जबाबदारी मालकाची आहे, हे त्या सहीने ठरते. आणि मग संशयाचे पाणी उताराकडे वाहत नाही.